गिंब्या पाड्याची मोजणी

लोटन पाटलांनी चहा थंड होऊ दिला, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे रंजनाबाईंनी ओळखलं. लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली, पण या माणसाने चहाला कधी दोन मिनिटंही ताटकळत ठेवलं नव्हतं. सख्खी चुलती गेली त्या दिवशीसुद्धा आधी कप रिकामा केला होता आणि मग रडायला बसले होते. आज मात्र ओट्यावर सतरंजीएवढा नकाशा पसरून, चार कोपऱ्यांवर चार वाट्या पालथ्या घालून ते ओणवे बसले होते. कपातल्या चहावर साय धरली होती.

"काय व्हयनं?" रंजनाबाईंनी विचारलं.

"काही नही."

"मंग तोंड आसं काब्र करेल शे?"

लोटन पाटलांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा त्याच जागी डोळे नेले. चष्म्याचा काही दोष नव्हता. जे दिसत होतं ते दिसतच होतं.

हे लोटन पाटील म्हणजे साधा माणूस नव्हे. चौतीस वर्षं मोजणीच्या ऑफिसात भूकरमापक म्हणून उन्हातान्हात साखळी ओढलेला गडी. सख्खे भाऊ बांधावरून एकमेकांची डोकी फोडायला निघालेले असताना हे मधे उभे राहायचे, खिशातून नकाशाची प्रत काढायचे आणि म्हणायचे, "माणसं खोटं बोलतात, कागद नाही." मग काय बिशाद कुणाची पुढे बोलायची! निवृत्तीला दहा वर्षं झाली तरी उंबरद गावात विहीर, चारी किंवा कुंपणाचा वाद निघाला की आधी यांच्या ओट्यावर येतो. त्याचा त्यांना अभिमान होता, आणि थोडा माजही होता. तो ते लपवत नसत.

आणि या अभिमानाच्या मुळाशी होती ती विहीर. गावाच्या उत्तरेला, तापीपासून दीड मैलावर त्यांचं अकरा एकरांचं कपाशीचं रान आहे. त्याच्या मधोमध ही विहीर. पणजोबा रूपचंद पाटलांची. वहीवाला भाट दर चार-पाच वर्षांनी यायचा, पाटावर बसून वही उघडायचा आणि साऱ्या घराला ऐकवायचा: संवत एकोणीसशे सत्तावन्नात, म्हणजे इंग्रजी सन एकोणीसशेच्या सुमारास, वयाच्या विसाव्या वर्षी, रूपचंद गुजरातेतून एकटे आले, निर्जन माळावर आपल्या हाताने विहीर खोदली आणि कुळाची वस्ती केली. ऐकताना लोटन पाटलांच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर भरायची ती याच विहिरीच्या पाण्याने, असा घराण्याचा नेम. सुरतेला, पुण्याला गेलेले भाऊबंदसुद्धा त्या दिवशी घागर घेऊन इथे यायचे.

यंदा तर सव्वाशे वर्षं झाली म्हणून मोठाच घाट घातला होता. धाकटा भाऊ योगेंद्र सुरतेत कापडाचा धंदा करतो. त्याने काळा दगड कोरून आणला होता, विहिरीलगत ओटा बांधून उभाही केला होता आणि वर लाल कापड गुंडाळून ठेवलं होतं. अखाजीच्या दिवशी दोनशे माणसांसमोर ते निघायचं. दगडावरचा मजकूर लोटन पाटलांचा. "निर्जन माळावर स्वहस्ते ही विहीर खोदून आपल्या कुळाची वस्ती करणारे कै. रूपचंद पाटील यांच्या स्मरणार्थ." आणि खाली, थोड्या लहान अक्षरांत, "संशोधन : लोटन पाटील, निवृत्त भूकरमापक." ही शेवटची ओळ योगेंद्रने सुचवलेली नव्हती. ती पाटलांनी स्वतः फोन करून घालायला लावली होती, आणि अक्षरं जरा मोठी करता येतील का, असंही विचारलं होतं.

नकाशा आला तो या समारंभाच्या पुस्तिकेसाठी. धाकटी लेक दिपाली पुण्याच्या कॉलेजात भूगोल शिकवते. तिला कुठल्याशा संग्रहात इंग्रजांच्या काळातल्या सर्व्हेचा टोपोशीट सापडला. "बाबा, मैलाला चार इंचाचा आहे, आपलं शिवार अगदी स्पष्ट दिसतं, मुखपृष्ठावर टाका," असं म्हणून तिने तो मोबाइलवर पाठवला. पाटलांनी शहाद्याच्या फ्लेक्सवाल्याकडून तो मोठा छापून घेतला. घरी आणताना एसटीत शेजारच्या दोघांना उलगडून दाखवलाही.

आता तोच नकाशा ओट्यावर पडला होता. गोमाई नदी तापीला मिळते तो प्रकाश्याचा संगम दिसत होता. उंबरदच्या गढीचा बुरूज दिसत होता. नाल्याचं ते कोपरासारखं वळण दिसत होतं. आणि जिथे निर्जन माळ असायला हवा होता, तिथे विहिरीचं बारीक वर्तुळ होतं. वर्तुळाभोवती सात काळे ठिपके. ठिपक्यांशेजारी तिरक्या इंग्रजी अक्षरांत नाव होतं. गिंब्या पाडा.

खालच्या कडेला सर्व्हेचं साल छापलं होतं. अठराशे एकोणऐंशी-ऐंशी.

हिशोब करायला कागद-पेन्सिल लागली नाही. भाटाच्या वहीप्रमाणे हा नकाशा झाला त्या वर्षी रूपचंद पाटील पाळण्यात होते.

पाळण्यातलं पोर विहीर खोदत नाही, एवढं लोटन पाटलांना कळत होतं. पण मोजणीदार माणूस एका नजरेवर विश्वास ठेवत नाही. इंग्रजाची चूक असेल. छापताना कागद ताणला असेल. दुसऱ्याच कुणाची विहीर असेल. त्यांनी पेटीतून कंपास, पट्टी काढली. संगम, बुरूज आणि नाल्याचं वळण, या तीन पक्क्या ठिकाणांवरून विहिरीचं अंतर नकाशावर मोजलं. मग त्याच तीन ठिकाणांवरून आपल्या विहिरीची अंतरं ऑफिसच्या जुन्या टिपणवहीतून काढली, जी त्यांनी स्वतःच्या पायांनी मोजलेली होती. दोन्ही ताडून पाहिली. वीस-पंचवीस हातांचा फरक आला, तो तर पेन्सिलीच्या टोकाचाच. पुन्हा केलं. तेच. तिसऱ्यांदा करताना कंपासचं टोक इतकं दाबलं की नकाशाला भोक पडलं.

"आपली हीर आपली नव्हती," ते एकदम मोठ्याने म्हणाले.

रंजनाबाई मेथी निवडत होत्या. त्यांच्या हातातली जुडी तशीच राहिली.

दुपारचं ऊन कलायच्या आत पाटील रानात गेले. विहिरीच्या काठावर पालथे पडून त्यांनी आत पाहिलं. वरचे पंधरा-वीस फूट घडीव दगडांचं, सुताच्या ओळीत बसवलेलं बांधकाम. त्याखाली ओबडधोबड, नदीतले गोटे एकावर एक रचलेला जुना थर. हा फरक त्यांनी लहानपणापासून पाहिला होता. वडील सांगायचे, पणजोबांजवळ सुरुवातीला पैसा नव्हता, म्हणून खालचं काम कच्चं. पोराने ऐकलं आणि मान डोलावली. पण विहीर वरून खाली खोदतात आणि बांधतात खालून वर, आणि वीस वर्षांचा एकटा माणूस दोन वेळा दोन तऱ्हांनी कशाला बांधेल, हा प्रश्न हजारो विहिरी मोजलेल्या माणसाला आयुष्यात एकदाही पडला नव्हता. आपण मूर्ख आहोत असं त्यांना सत्तरीच्या उंबरठ्यावर पहिल्यांदा वाटलं, आणि ते वाटणं फार वाईट होतं.

तिथेच पडल्या पडल्या दुसरं आठवलं. बहात्तरचा दुष्काळ. विहिरीत गुडघाभर पाणी उरलं होतं. वडिलांनी रहाटाला साखळी लावून कुलूप घातलं आणि पंधरा वर्षांच्या लोटनच्या हातात काठी देऊन राखणीला बसवलं. दिवाल्याची आई हंडा घेऊन आली होती. दिवाल्या म्हणजे त्यांचा सालदार, वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी, म्हणजे तेव्हा सालदाराचा पोरगा. लोटन उठला होता, काठी आडवी धरली होती आणि म्हणाला होता, "हीर आमनी शे." तिने हंडा पुन्हा डोक्यावर घेतला. दीड मैल तापीवर गेली.

पाटील काठावरून उठले तेव्हा ऊन उतरलं होतं.

त्याच दिवशी योगेंद्रला फोन झाला. सगळं सांगून झालं. मग योगेंद्र म्हणाला, "दादा, तो नकाशा गुंडायीसन कपाटमा ठेव."

"आन दगड?"

"दगड उभा शे ना? ऱ्हावू दे. सव्वाशे वरीसमा कोनी इचारं नही, आत्ते कोन इचारस? दोनशे मानसं येई ऱ्हायनात. त्यासले काय सांगू, आपला पणजोबा खोटा व्हता?"

"मन्हं नाव शे त्यावर."

"तूच टाकं ना ते!" योगेंद्र भडकला आणि फोन ठेवला.

ते खरंच होतं. आणि पाटलांच्या जिवाला लागलं होतं ते नेमकं तेच. पणजोबा काय करून गेले ते गेले. पण दगडाखाली 'संशोधन' म्हणून जे नाव होतं ते जिवंत माणसाचं होतं. लाल कापड निघालं की लोटन पाटील पहिल्यांदा कागदावर खोटं बोलणार होते, आणि तेही दगडावर, म्हणजे कायमचं.

रंजनाबाईंना वेगळीच धास्ती. "जमीन जाई का आपली?"

"नही. कायद्याने काही होत नाही. या नकाशावर खाली लिहिलंच आहे की हा हद्दीचा पुरावा नाही." घाबरले की पाटील ऑफिसची मराठी बोलू लागत, हे रंजनाबाईंना ठाऊक होतं. त्यामुळे त्यांना काही धीर आला नाही.

"मंग गप बसा ना. कोनले माहीत शे?"

कुणालाच माहीत नाही, असं पाटलांनाही वाटत होतं. दोन दिवस त्यांनी ते मनाशी घोळवलं. जेवण जाईना. नकाशा तीनदा गुंडाळला, तीनदा उलगडला. तिसऱ्या दिवशी उठले आणि नकाशा काखेत मारून रानात निघाले. एकच गोष्ट विचारायची, एवढंच ठरवलं होतं. उत्तर 'ठाऊक नाही' असं आलं तर नकाशा कपाटात. मनातून त्यांना तसंच उत्तर हवं होतं.

दिवाल्या विहिरीपासून हाकेच्या अंतरावर, बांधावरच्या झोपडीत राहतो. वय पाटलांएवढंच. बाप दोधू हा पाटलांच्या घरचा सालदार, आजाही सालदार, आणि दिवाल्या दहा वर्षांचा असल्यापासून इथेच. दोन्ही मुलं सुरतेला बांधकामावर आहेत, पक्क्या खोलीत राहतात, दर दिवाळीला न्यायला येतात. हा जात नाही. पाटील थट्टा करायचे की याला माझ्याशिवाय करमत नाही. त्या दिवशी तो चारीतला कचरा ओढत होता.

"दिवाल्या," पाटील म्हणाले, "तुन्हा आजाना बापनं नाव काय व्हतं रे?"

विचारता विचारताच त्यांना शरम वाटली. स्वतःच्या सात पिढ्या त्यांना तोंडपाठ होत्या. साठ वर्षं ज्याच्या हातचं पाणी पिकाला लागत होतं, त्याच्या आज्याच्या पलीकडचं नाव त्यांना माहीत नव्हतं. कधी विचारलंच नव्हतं.

दिवाल्याने फावडं जमिनीवर टेकवलं. आधी पाटलांच्या तोंडाकडे पाहिलं, मग काखेतल्या गुंडाळीकडे.

"गिंब्या," तो म्हणाला. "गिंब्या नाईक."

 पाटील तिथेच बांधावर बसले.

"आठे पाडा व्हता?"

"व्हता ना. सात घरं."

"तुले ठाऊक व्हतं?"

"आम्हले सगळासले ठाऊक शे, भाऊ. पोरेसले बी ठाऊक शे." दिवाल्याच्या आवाजात राग नव्हता. नवलही नव्हतं. आज कुठला वार आहे ते सांगावं, तसं तो सांगत होता. "छप्पन्न्या संवतना दुकाय पडना. ढोरं मरनात, मंग मानसं मराले लागनात. गिंब्या सगळा पाडा लईसन सातपुडामा गया, कंदमुळं खावाले. रूपचंद बापा तव्हय आमनाच पाडामा राहे. वरीसभर पहिले एकलाच उना व्हता, आंगवर चिंध्या. गिंब्यानी त्याले सांगं, तू जवान शे, तू आठेच थांब. हीर राख. पानी पडनं का आम्ही येतस."

"राख," पाटील पुटपुटले.

"हा. राखाले दिधी व्हती. सत्तर मानसं वर गयथात. दोन पावसाया गयात तव्हय अकरा परत उनात. तवपावत जमीन कागदवर चढी गयथी. रूपचंद बापानी सरकारले सारा भरा, नाव लागनं. तो बोलना, आठेच ऱ्हावा, काम करा, खा. गिंब्या काय करी? पन मरताना त्यानी आजाले सांगं, आपलामाधला एक जन तरी आठेच ऱ्हायना पाहिजे. राखाले दिधेल चीज परत मांगाले मानूस नको का?"

म्हणून हा सुरतेला जात नव्हता.  चार पिढ्या माणसं यांच्या रानात राबत होती आणि यांना वाटत होतं की पोटासाठी राबतात. ती वाट पाहत होती!

"मंग इतला वरीसमा कधी बोलना का नही तू?" पाटलांचा आवाज चढला. कुणावर ओरडतोय हे त्यांनाही कळत नव्हतं. "काब्र नही बोलना?"

"बोलनूत ना," दिवाल्या म्हणाला. "मन्हा बाप बोलना. तुमलेच."

"माले?"

"तुमना ऑफिसमा. तीस वरीस व्हयनात. मी दारबाहेर उभा व्हतू. बाप बोलना, भाऊ, जुना कागद देखा, हीर आमनी व्हती. तुम्ही त्याले चहा पाजात. आन सांगं," इथे दिवाल्याने अगदी तशीच्या तशी ऑफिसची मराठी काढली, "'दोधू, आमच्याकडचा जुन्यात जुना कागद रूपचंद पाटलांच्या नावाचा आहे. याच्याहून जुना कागद आण, मी स्वतः साखळी धरून मोजणी करून देतो.' आजूबाजूना सगळा हसनात. बाप बी हसना. घर येयपावत बोलना नही."

पाटलांनी आठवायचा जिवापाड प्रयत्न केला. टेबल आठवलं, पंखा आठवला, चहावाला आठवला. दोधू आठवेना. एखाद्याच्या आयुष्यातला एवढा मोठा दिवस आपण चहाच्या कपासकट विसरून गेलो, याचा धक्का नकाशाच्या धक्क्याहून जबर होता. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यांनी पुसलंही नाही.

"बापले कागद कोन देवाव?" दिवाल्या म्हणाला. त्याने हात धोतराला पुसले आणि पाटलांच्या काखेतली गुंडाळी बोटाने दाखवली. "आत्ते तुम्हीच लई उनात. मंग मोजनी कव्हय करतस?"

चौतीस वर्षांत हा प्रश्न लोटन पाटलांना हजारो लोकांनी विचारला होता. ते प्रत्येकाला तारीख द्यायचे, लांबची असो की जवळची.  दिवाल्या काही घाई करत नव्हता. फावड्यावर हात ठेवून उभा होता.

"अखाजीले," पाटील शेवटी म्हणाले. "सकायले सात वाजता."

घरी येऊन त्यांनी मोजणीची नोटीस लिहिली. रीतसर. मोजणीच्या आधी लगतच्या खातेदारांना कळवावं लागतं, आणि सातबाऱ्यावर दुसरं नाव योगेंद्रचं होतं. "अर्जदार : दिवाल्या दोधू नाईक. मोजणीचा हेतू : गिंब्या पाड्याच्या घरांच्या जागा ठरवणे. आपण हजर राहावे, न राहिल्यास मोजणी थांबणार नाही." खाली सही. त्याखाली एक जादा ओळ: "दगडावरून माझे नाव काढावे, अन्यथा मी स्वतः छिन्नीने काढीन." कागदाचा फोटो योगेंद्रला गेला. योगेंद्रचे अकरा फोन आले, पाटलांनी एकही उचलला नाही.

रंजनाबाईंनी कपाळाला हात लावला. "कायद्याने काही व्हवाव नही म्हंतस, मंग मोजतस कसाले?"

"त्यानी मांगी म्हनीसन," पाटील म्हणाले. "आन मी शबद दिधेल शे."

रंजनाबाई मग आत गेल्या आणि लाकूडफाट्यातून सात नीट खुंट निवडून ओट्यावर आणून ठेवले. "टोकं तुम्ही करा," एवढंच म्हणाल्या.

अखाजीच्या सकाळी रान मोकळं, नांगरून पडलेलं होतं. विहिरीजवळ मांडव घातलेला, खुर्च्या एकावर एक रचलेल्या, दगडावर लाल कापड. पाटलांनी जुनी लोखंडी साखळी आणली होती. तेहतीस फुटांची, सोळा आणे म्हणजे सोळा भाग पाडलेली, कडी कडी गंजलेली. विहिरीचा मध्य धरला. मूळ नकाशावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे सोळा मीटर. आकडे त्यांनी आदल्या दिवशीच काढून ठेवले होते. साखळीचं एक टोक त्यांच्या हातात, दुसरं दिवाल्याच्या.

"पाच साखळ्या, चार आणे. उत्तरेला," पाटील ओरडले. दिवाल्या चालत गेला. खुंट ठोकला.

"गिंब्यानं घर," दिवाल्या म्हणाला. "नऊ मानसं गयात. तीन उनात."

पाटलांनी वहीत लिहिलं. दिवाल्याने नकाशाकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. दुसरा खुंट. "त्याना भाऊनं. बारा गयात. एक पोर उनी." तिसरा. चौथ्याला दिवाल्या पाटलांनी हाक मारायच्या आधीच जाऊन उभा राहिला आणि साखळी बरोबर त्याच्या पायाशी संपली.  पाचव्या खुंटाशी दिवाल्या म्हणाला, "आठेना कोनीच उना नही," आणि खुंट ठोकायला जरा जास्त वेळ घेतला.

सातवा खुंट होईपर्यंत गाड्या यायला लागल्या होत्या. सुरतेच्या, पुण्याच्या. बायका घागरी कमरेवर घेऊन उतरल्या आणि रानात खुंट आणि साखळी बघून जिथल्या तिथे थबकल्या. योगेंद्र मात्र ढेकळं तुडवत तरातरा थेट दगडाजवळ आला आणि ओट्याला खेटून उभा राहिला.

"दादा! हाई काय लायेल शे? सगळा गाव हसी आपलाले!"

"मोजनी चालू शे," पाटील म्हणाले. "मोजनीमा बोलू नही." चौतीस वर्षांची सवय कामाला आली. त्यांनी नकाशावर सातवी खूण केली आणि साखळी गोळा करायला घेतली. "व्हयनं, दिवाल्या. सात पूर्ण."

"एक ऱ्हायनं," दिवाल्या म्हणाला.

"नकाशामा सातच शेत."

"तुमना नकाशा पहिलेना शे, भाऊ. हाई घर मांगून बांधेल शे. छप्पन्न्याना एक वरीस आगोदर." तो हळूहळू विहिरीकडे चालत आला. सगळ्यांचे डोळे त्याच्यावर होते, त्याला त्याचं काही नव्हतं. योगेंद्रपासून दोन हातांवर येऊन तो थांबला. "आठे रूपचंद बापानं घर. तो उना तव्हय तापमा फनफनेल व्हता. वारामा पडेल ऱ्हाये. मंग सगळा पाडानी मिळीसन त्याले घर बांधी दिधं. कूडनी भीत गिंब्यानी सोता इनी. पहिली चूल बी त्यानीच पेटाडी."

मांडवात कुणी हलेना. एका म्हाताऱ्या चुलतीने घागर कमरेवरून काढून जमिनीवर ठेवली.  लोटन पाटलांना वाटलं होतं की आता आणखी धक्का बसायला आत काही उरलेलं नाही. पण ज्या माणसांनी घर बांधून दिलं त्यांचीच विहीर आपल्या घराने घेतली, हे ऐकल्यावर त्यांना जे झालं त्याला नाव नव्हतं. 

"योगेंद्र भाऊ," दिवाल्या सावकाश म्हणाला, "जरासा सरकतस का? तुम्ही त्यानी चूलवर उभा शेतस."

योगेंद्रने दचकून खाली पाहिलं. बुटांखाली नुसती नांगरलेली काळी माती होती. तो दोन पावलं बाजूला झाला, आणि मग आणखी एक. लाल कापड त्या दिवशी कुणीच काढलं नाही. लोटन पाटलांजवळ आठवा खुंट नव्हता. त्यांनी कंपासची पेटी त्या जागेवर ठेवली, आठव्या घराचं अंतर घ्यायला विहिरीकडे जाऊन साखळीचं टोक धरलं आणि दुसरं टोक दिवाल्याकडे टाकलं.